खाली बसविलेली मोटार आणि घासणारे टायर

मोटारीचे चाक फिरते, हे सर्वांनाच दिसते. ते वरखालीही सरकते आणि पुढचे चाक त्याशिवाय डावीउजवीकडे वळते, याची जाणीव मात्र वाहनधारकास सहसा नसते. कारण ही सारी हालचाल मडगार्डच्या कमानीआड चालू असते. रस्त्यातील खड्डा, गतिरोधक, घाटातील वळण, मागच्या आसनावर बसलेली तीन माणसे, यांपैकी प्रत्येक गोष्ट चाकाला गाडीच्या अंगात कमीअधिक वर ढकलीत असते. या हालचालीसाठी उत्पादकाने कमानीत मोकळी जागा राखून ठेवलेली असते. ती रिकामी दिसली तरी वाया गेलेली नसते.

मोटार मूळ उंचीपेक्षा खाली बसविण्याची हौस शहरांतील काही वाहनधारकांत, विशेषतः तरुणांत, आढळते. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटभरही फट दिसू नये, अशी ही आवड. गाडी खाली आली की थोड्याच दिवसांत तक्रारींना आरंभ होतो. गतिरोधकावरून जाताना 'खर्र' असा आवाज येतो, स्टिअरिंग पूर्ण वळविले की काहीतरी घासते, लांबच्या प्रवासानंतर जळक्या रबराचा वास येतो. यावर हमखास सुचविला जाणारा स्वस्त इलाज म्हणजे मडगार्डची कड हातोडीने ठोकून आत वळविणे. आवाज थांबतो, परंतु दोष नाहीसा झालेला असतोच असे नाही. पुष्कळदा दोषाची वर्दी देणारा आवाज तेवढा बंद झालेला असतो. पत्रा पुन्हा रंगविता येतो. बाजूने कापत चाललेला टायर वेगात फुटला तर गाडी आवरणे निष्णात चालकासही कठीण जाते.

घासणे म्हणजे नेमके काय होते?

उदाहरणादाखल भारतीय हॅचबॅक मोटारींत सर्रास आढळणारा '१८५/६५ आर १५' हा टायर घेऊ. यातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे हे सांगतो. म्हणजे ही भिंत सुमारे १२० मिलिमीटर उंच असते. शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत दाखवितो. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची व खालची भिंत मिळविली की चाकाचा एकूण व्यास साधारण ६२१ मिलिमीटर आणि परीघ १.९५ मीटर भरतो.

आता ही मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत आहे असे मानले, तर चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे घेते. टायर पत्र्याच्या कडेला टेकलेला असेल तर त्याचा प्रत्येक बिंदू त्या कडेवरून दर सेकंदास १४ वेळा, मिनिटास साडेआठशे वेळा खरवडत जातो. अखेरचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यानंतर नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सलग वापरात आला. त्यावर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. तेथे हाच आकडा सेकंदाला १७ फेऱ्यांवर जातो, आणि तोही तासन् तास.

टायरचा सर्व भाग सारखाच भक्कम असता तरीही हे चिंतेचे ठरले असते. तसे तो नसतो. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात जाड रबर आणि त्याखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजूच्या भिंतीत हे पट्टे नसतात. तेथे पातळ रबराखाली धाग्यांचे अस्तर असते आणि दर फेऱ्यास ती भिंत वाकते व सरळ होते. नक्षी आणि भिंत जेथे मिळतात, त्या भागास टायरचा खांदा म्हणतात. खाली बसविलेल्या गाडीत कड नेमकी या खांद्यावर किंवा त्याखालच्या भिंतीवर येते. म्हणून नक्षी उत्तम असलेला, वरकरणी नवा दिसणारा टायरही आतून निकामी झालेला असू शकतो. भिंतीत धागे दिसू लागले असतील तर अशा टायरला दुरुस्ती नाही. तो बदलणे एवढाच मार्ग उरतो.

खाली आणण्यामागील विचार

मोटार खाली बसविण्याची कल्पना केवळ दिखाऊ आहे, असे म्हणणे न्याय्य होणार नाही. गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी गाडी वळणावर कमी कलते. शर्यतीच्या मोटारी जमिनीलगत असतात त्या याच कारणाने. परंतु शर्यतीचा मार्ग गुळगुळीत असतो आणि तेथे मागच्या आसनावर आजी-आजोबा बसलेले नसतात.

हौस म्हणून गाडी खाली आणण्याची प्रथा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मेक्सिकन वंशाच्या तरुणांत, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात विशेष रुजली. तेथील शासनाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस, रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली येता कामा नये, असा कायदाच केला. त्यावर हौशी मंडळींनी विमानातील हायड्रॉलिक पंप आणून बसविले व बटण दाबताच गाडी वर-खाली करण्याची युक्ती काढली! हा कायदा तेथे १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाला. तेथील या हौसेचे तंत्र मिरवणुकीच्या संथ गतीसाठी होते, हे मात्र आपल्याकडे तिचे अनुकरण करणाऱ्यांनी ध्यानी घ्यावयास हवे.

हरवलेली वाट

चाक वर सरकण्यासाठी जे अंतर उपलब्ध असते, तीच खरी या विषयाची किल्ली होय. समजा, दोन माणसे बसलेली असताना एखाद्या मोटारीच्या चाकास वर सरकण्यास ८० मिलिमीटर वाट आहे. गाडी ४० मिलिमीटरने खाली आणली की ही वाट निम्मी उरते. खड्डा मात्र निम्मा होत नाही. तोच धक्का निम्म्या वाटेत पचवावयाचा तर स्प्रिंग किती कडक हवी? पदार्थविज्ञानाचा साधा नियम असा की, स्प्रिंगने शोषलेली ऊर्जा दाबाच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे अंतर निम्मे झाल्यास स्प्रिंग दुप्पट कडक करून भागत नाही; ती चौपट कडक करावी लागते. एवढ्या कडक स्प्रिंगवर रोजचा प्रवास कोणासही सोसवणार नाही. त्यामुळे प्रत्यक्षात स्प्रिंग थोडीच कडक केली जाते आणि उरलेला भार चाकाच्या वाटेच्या शेवटी बसविलेल्या रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बंपस्टॉपवर पडतो. काही ठिकाणी 'गाडी उडते' म्हणून हा बंपस्टॉपही कापून टाकतात. मग चाकास थांबविणारी शेवटची वस्तू मडगार्डचा पत्रा हीच राहते. पत्र्यावर टायर घासणे हे लक्षण या हरवलेल्या वाटेचे असते.

गाडी खाली कशी आणली, यावरही बरेच अवलंबून आहे. त्या गाडीसाठीच बनविलेल्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप बसविणे ही त्यातल्या त्यात शिस्तीची पद्धत. स्प्रिंगची वेटोळी ग्राइंडरने कापणे ही सर्वांत प्रचलित आणि सदोष पद्धत. सहा कार्यक्षम वेटोळ्यांपैकी एक कापले तर स्प्रिंग सुमारे २० टक्क्यांनी कडक होते, हे खरे. परंतु कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक हवेत लोंबकळले की स्प्रिंग जागा सोडू शकते. गॅसच्या ज्वालेने स्प्रिंग तापवून दाबणे तर सर्वस्वी त्याज्य होय. स्प्रिंगच्या पोलादास कारखान्यात जे पाणी दिलेले असते, ते या उष्णतेने उतरते. अशी स्प्रिंग पुढे आपोआप खचत जाते किंवा तुटते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाडी हौसेने खाली न आणताही ती खाली येते. दहाबारा वर्षे वापरलेल्या स्प्रिंगा थकून बसतात. डिकीत सीएनजीची टाकी बसविली की साठ लिटर जलधारणेच्या पोलादी टाकीचे वजन, तिची चौकट व गॅस मिळून एक धडधाकट माणूस कायमचा मागे बसविल्यासारखे होते. त्यावर सणासुदीला सामान व तीन प्रवासी आले की मागचे टायर घासू लागतात. लेखातील पुढील विवेचन अशा साध्या, न बदललेल्या मोटारींच्या मालकांसही तितकेच लागू आहे.

प्रथम जागा शोधावी

हातोडी उचलण्यापूर्वी टायर नेमका कोठे घासतो हे निश्चित करणे अगत्याचे आहे. कारण जागेवरून कारण कळते आणि कारणावरून उपाय ठरतो. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. टायरच्या खांद्यावर व दोन्ही बाजूंच्या भिंतींवर खडूने जाड पट्टे ओढावेत. कमानीच्या आतल्या कडेला मळलेल्या कणकेच्या लहान गोळ्या चिकटवाव्यात. गाडीत आसनक्षमतेइतकी माणसे बसवावीत, डिकीत नेहमीचे सामान ठेवावे आणि मोकळ्या जागेत, संथ गतीने, स्टिअरिंग दोन्ही अंगांस पूर्ण वळवून पाहावे. नंतर गतिरोधकावरून सरळ व एका बाजूने तिरकस न्यावी. जेथे खडू पुसला गेला तेथे टायर लागला. कणीक चेपून जितकी जाड राहिली तितकी फट उरली. रिकाम्या गाडीवर केलेली ही परीक्षा निरुपयोगी ठरते. गॅरेजमध्ये 'आता बरोबर आहे' असे सांगून दिलेली गाडी रविवारी कुटुंब बसताच पुन्हा घासू लागते, याचे कारण हेच.

पुढचे चाक केवळ पूर्ण वळविल्यावरच घासत असेल, तर बहुधा ते कमानीतील प्लास्टिकच्या अस्तरास, म्हणजे लाइनरला लागते. बंपरची दुरुस्ती करताना लाइनरच्या क्लिपा परत न बसविल्याने तो लोंबतो, हे अगदी नेहमीचे. चाळीस-पन्नास रुपयांच्या क्लिपांनी हा दोष दूर होऊ शकतो. सरळ चालताना, धक्क्यावर, बाहेरचा खांदा घासत असेल तर चाक बाहेर आलेले आहे किंवा स्प्रिंग अपुरी आहे. मागचे चाक फक्त माणसे बसल्यावर घासत असेल तर थकलेल्या स्प्रिंगा, कापलेला बंपस्टॉप किंवा वाढलेले वजन यांकडे वळावे.

सर्वांत धोक्याचे घर्षण ते, जे बाहेरून दिसत नाही. रुंद रिम घातल्याने टायरची आतील भिंत शॉकअपच्या नळीला, स्प्रिंगच्या बैठकीला किंवा ब्रेकच्या रबरी नळीला लागू शकते. येथे आवाज अल्प असतो, परंतु एका बाजूस टायर आणि दुसऱ्या बाजूस ब्रेक, अशी दोन्ही जीवरक्षक अंगे झिजत असतात. ब्रेकच्या नळीवर चकाकी किंवा चरा आढळल्यास गाडी चालवून नेण्याऐवजी ती उचलूनच गॅरेजमध्ये न्यावी.

दहा मिलिमीटरचा हिशेब

गाडी खाली आणणारे बहुतेकजण सोबत मोठी ॲलॉय चाकेही घालतात, आणि पुष्कळदा खरा अपराध उंचीचा नसून या चाकांचा असतो. रिमवर 'ईटी' या अक्षरांपुढे एक आकडा असतो. ही एका जर्मन संज्ञेची आद्याक्षरे असून, रिमच्या मध्यरेषेपासून तिची बसण्याची बाजू किती मिलिमीटर सरकलेली आहे, हे तो आकडा सांगतो. आपल्याकडील बाजारात त्यास ऑफसेट म्हणतात. हा आकडा कमी झाला की चाक तितके बाहेर येते.

मूळ रिम ६ इंच रुंद व ऑफसेट ४५ आहे आणि तिच्या जागी ७ इंच रुंद, ऑफसेट ३५ ची रिम घातली, असे समजू. रुंदी एक इंचाने वाढल्याने दोन्ही बाजूंस सुमारे १२.७ मिलिमीटर वाढ झाली. ऑफसेट १० ने घटल्याने सारे चाक १० मिलिमीटर बाहेर सरकले. परिणामी बाहेरची कड २२.७ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड केवळ २.७ मिलिमीटर आत गेली. जेथे सारी फटच बोटभर होती, तेथे २२ मिलिमीटर म्हणजे सर्वस्व. दुकानदाराने 'बसते' म्हणून सांगितले, ते नट बसतात एवढ्याच अर्थाने खरे असते.

टायरच्या मापाचेही असेच. १८५/६५ आर १५ ऐवजी १९५/६५ आर १५ घातला, तर आकड्यात फरक किरकोळ वाटतो. पण व्यास १३ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे टायर कमानीकडे साडेसहा मिलिमीटर सरकतो आणि वेगमापकही थोडा चुकीचा दाखवू लागतो. याउलट १९५/५५ आर १६ या टायरचा व्यास मूळ मापाइतकाच, सुमारे ६२१ मिलिमीटर भरतो. काही हॅचबॅक गाड्यांच्या साध्या व महाग प्रतींत अनुक्रमे हीच दोन मापे कारखान्यातून येतात.

मात्र येथेही भाराचा आकडा पाहावा. १८५/६५ आर १५ वर सामान्यतः ८८ हा भारांक असतो. त्याचा अर्थ एका टायरने ५६० किलो वाहावेत. १९५/५५ आर १६ वर तो ८७, म्हणजे ५४५ किलो असतो. टायर रुंद झाला, तरी त्याची भारक्षमता घटली! रुंद टायर म्हणजे अधिक बळकट टायर हा समज किती फसवा आहे, याचे हे बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

उपाय आणि त्यांचा क्रम

चुकीच्या चाकांचा किंवा मापाबाहेरच्या टायरचा दोष असेल, तर योग्य मापावर परतणे हाच पहिला व बहुतेक प्रकरणांत पुरेसा उपाय होय. चाक बाहेर ढकलण्यासाठी लावलेल्या चकत्या, म्हणजे स्पेसर, असतील तर त्या काढाव्यात. स्पेसरमुळे चाकाच्या बोल्टची पकड घटते व बेअरिंगवर ताण वाढतो, हे वेगळेच.

त्यानंतर उंचीकडे वळावे. कापलेल्या स्प्रिंगा असतील तर त्यांच्यावर कोणतीही मलमपट्टी करू नये. जोडीने नव्या, मूळ उंचीच्या स्प्रिंगा घालाव्यात. उंची कमी-अधिक करता येणारे शॉकअप असतील तर पंधरा-वीस मिलिमीटरने गाडी वर घेऊन पुन्हा खडूची परीक्षा करावी. पुष्कळ गाड्यांचे दुखणे एवढ्यावरच थांबते. बंपस्टॉप कापलेला असल्यास नवा बसवावा. टायर पत्र्याला लागण्यापूर्वी बंपस्टॉपने चाक थांबविले पाहिजे, ही अट सर्व उपायांना लावावी.

थकलेल्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत रबरी किंवा प्लास्टिकचे ठोकळे अडकविण्याचा प्रकार सुट्या भागांच्या बाजारात लोकप्रिय आहे. गाडी त्याने वर येते खरी. पण ठोकळा जेथे बसतो तेथील वेटोळी काम करीनाशी होतात, उरलेल्यांवर ताण एकवटतो आणि धक्के शरीराला जाणवू लागतात. दोनतीन महिन्यांची तात्पुरती सोय एवढेच त्याचे मोल. सीएनजीची टाकी कायमची असेल तर त्या भारास योग्य अशा स्प्रिंगांविषयी उत्पादकाच्या अधिकृत सेवाकेंद्राकडे विचारणा करणे श्रेयस्कर.

उंची बदलली की चाकांचे अलाइनमेंट बदलतेच. बहुतेक मोटारींना पुढे मॅकफर्सन पद्धतीचा शॉकअप असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या ब्रिटिश मोटारींतून प्रचारात आली. गाडी खाली आली की तिच्यातील खालची भुजा व स्टिअरिंगचा टाय रॉड यांचे कोन बिघडतात, चाकांची तोंडे किंचित आत किंवा बाहेर वळतात आणि टायर एका कडेने झिजतो. ही झीज पुष्कळदा आतल्या कडेस होते आणि उभ्या गाडीजवळून जाताना ती दिसत नाही. चाकाचा माथा किंचित आत कलवून बाहेरची कड पत्र्यापासून सोडविता येते, परंतु ही सवलत एखाद्या अंशापुरतीच घ्यावी. मागे एकच आडवा ॲक्सल असलेल्या हॅचबॅक गाड्यांत तर ती सहजी घेताही येत नाही.

एवढे करूनही दोनचार मिलिमीटर कमी पडत असतील, तरच मडगार्डच्या आतील दुमड वळविण्याचा विचार करावा. हे काम हातोडीचे नव्हे. रंग तापवून मऊ करून, हबवर बसणाऱ्या रुळाच्या साधनाने, दुमड हळूहळू वर दाबली जाते. रंगास तडा गेला की पत्रा उघडा पडतो. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यात तेथे गंज धरतो. मागची कमान तर आतील व बाहेरील पत्रे वेल्डिंगने जोडून व सांधा बुजवून तयार केलेली असते. ती कापणे म्हणजे गाडीच्या सांगाड्यास हात घालणे आणि डिकीत पाणी शिरण्यास वाट देणे होय.

गाडीचे पोट जमिनीला लागण्याचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. अडीच मीटर अंतरावर चाके असलेली गाडी त्याच्या मध्यावर आली की पोटाखालची जागा सुमारे ४६ मिलिमीटरने घटते. मूळची १६५ मिलिमीटर उंची, त्यातून भारामुळे ४० आणि हौसेमुळे ४० वजा झाले तर ८५ उरतात. त्यातून हे ४६ गेले. राहिलेल्या ३९ मिलिमीटरांत गाडीच्या उसळीसही जागा हवी. आणि हे मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकाचे गणित झाले. गावोगावचे सर्वच गतिरोधक मानकाप्रमाणे नसतात, हे वाचकांस सांगावयास नको.

कायद्याची चौकट

भारतात विकली जाणारी प्रत्येक मोटार केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये अधिकृत संस्थेकडून चाचणी होऊन मान्य झालेली असते. अशा संस्थांपैकी १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया पुण्यातच आहे, तर संरक्षण विभागाची वाहन संशोधन व विकास आस्थापना अहिल्यानगर येथे आहे. ब्रेक, टायर, स्टिअरिंग व सस्पेन्शन ही परस्परावलंबी अंगे आहेत. मान्यता मिळते ती या सर्वांच्या एकत्रित रचनेस.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनधारकास करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. त्याच वर्षी अधिनियमात दुरुस्ती करून कलम १८२-अ बदलण्यात आले. अनुज्ञेय नसलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्याद्वारे झाली. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून उथळ असू नये, असेही नियम सांगतात. चाकांचा किंवा उंचीचा बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे आणि विमा कंपनीस लेखी कळविणे, ही दोन कामे वाहनधारकाने टाळू नयेत. न कळविलेला बदल विम्याच्या दाव्याच्या वेळी वादाचे मूळ ठरू शकतो.

जुनी गाडी घेताना

अशा हौसेच्या गाड्या दोनतीन वर्षांत विकावयास निघतात, आणि तत्पूर्वी त्यांना मूळ चाके परत घातली जातात. खरेदीदाराला वरून काही कळत नाही. अशा वेळी स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी बंद करावी व हात कमानीच्या आत घालून कड चाचपावी. कारखान्यातील दुमड सर्वत्र सारखी लागते; ठोकलेली कड उंचसखल लागते व तिथला रंग जाड असतो. लाइनरवर गोलाकार चरे आहेत का, स्प्रिंगचे खालचे टोक ग्राइंडरने कापल्यासारखे सपाट व चकचकीत आहे का, बंपस्टॉप पूर्ण आहे का, हे विजेरीच्या प्रकाशात पाहावे. टायरची आतली भिंत बाहेरच्या भिंतीइतक्याच काळजीने तपासावी. त्यासाठी गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घेण्यास विक्रेता तयार नसेल, तर व्यवहार पुढे ढकलावा.